छत्तीस गडांचा हिशेब

भिलाईच्या पोलाद-कारखान्याची वसाहत ज्यांनी आखली, त्यांनी नावांचा सारा प्रश्न आकड्यांनी सोडविला. वसाहतीचे भाग पाडले आणि त्यांना सेक्टर १, सेक्टर २, सेक्टर ३ असे क्रमांक दिले. प्रत्येक भागातील रस्त्यांना क्रमांक दिले आणि रस्त्यावरील घरांनाही. सेक्टर २ मध्ये राहणाऱ्या कुटुंबाचा पत्ता म्हणजे एकाखाली एक मांडलेले तीन आकडे. त्यात राजा नाही, देवता नाही, नदी नाही, की डोंगर नाही. अशा नावाच्या उगमाविषयी वाद व्हावा तरी कसा? परंतु त्याच पत्त्याच्या अखेरच्या ओळीत राज्याचे जे नाव येते, तेही आकड्यानेच सुरू होते; आणि त्या आकड्याचा उलगडा करण्यात विद्वानांची शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत. ते नाव म्हणजे छत्तीसगड.

या ओळीचा इतिहास मराठी माणसाला परका नाही. भिलाई येथे कारखाना उभारण्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. त्या दिवशी भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातील, मुंबई–हावडा लोहमार्गावरील एक लहानसे गाव होते, आणि ज्या मध्यप्रदेश राज्यात ते होते त्याची राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि भिलाईची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा पत्त्यात मध्यप्रदेशच होता. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी नवे राज्य झाले आणि राजधानी रायपूरला आली. एकाच वस्तीने अर्ध्या शतकात तीन राजधान्या पाहिल्या. सेक्टरचा क्रमांक मात्र २ चा २ च राहिला. तेव्हा आकड्याचे नाव टिकाऊ असते, असे म्हणावयास हरकत नाही. पण टिकाऊ असणे निराळे आणि त्याचा अर्थ उघड असणे निराळे.

छत्तीसगड या शब्दाचा अर्थ कोणालाही विचारला तर उत्तर ठरलेले असते : छत्तीस गडांचा प्रदेश. मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढे लगेच रायगड, राजगड, सिंहगड उभे राहतात. काळ्या कातळाचे कडे, तट, बुरूज, माचीवरची टाकी असे ते चित्र असते. असे छत्तीस गड जवळजवळ उभे असलेला कोणी दुर्गम मुलूख असेल, अशी त्याची कल्पना होते. प्रत्यक्षात भिलाई किंवा दुर्गच्या स्थानकावर उतरणाऱ्या माणसाला दिसते ते सपाट मैदान. नजर पोहोचेल तेथवर भाताची खाचरे, मध्येमध्ये तलाव, आणि क्षितिजावर डोंगराचा मागमूस नाही. छत्तीस तर राहोच, एकही गड दिसत नाही. नावाविषयीच्या संशयाचा आरंभ बहुतेकांच्या मनात येथूनच होतो.

हा घोटाळा पुष्कळसा आपल्या भाषेनेच केलेला आहे. मराठीत ‘गड’ म्हणजे डोंगरी किल्ला. भुईकोटाला आपण गड म्हणत नाही. महानदीच्या खोऱ्यात ‘गढ’ या शब्दाचा अर्थ तसा नव्हता. तेथे गढ म्हणजे प्रथम एक मुलकी विभाग, आणि मग त्या विभागाच्या मुख्याचे राहण्याचे ठिकाण. हे ठिकाण पुष्कळदा मातीच्या बांधाचे व भोवती पाण्याचा खंदक असलेले असे. मल्हार येथे अशा मातीच्या कोटाचा व खंदकाचा घेर आजही ओळखता येतो. लाफा किंवा चैतुरगड यासारखे उंच डोंगरावरचे, मराठी माणसाला ‘गड’ म्हणून पटतील असे किल्ले उत्तरेच्या डोंगराळ भागात आहेत. पण ते अपवाद होत. वऱ्हाडा-खानदेशात पाटलाची किंवा देशमुखाची ‘गढी’ असते, तिच्या जवळ जाणारा अर्थ येथे घ्यावयास हवा.

या विभागांची घडण कशी होती, हे एकोणिसाव्या शतकात जमीनमहसुलाची पाहणी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. बिलासपूर जिल्ह्याचा पाहणी-अहवाल १८६८ साली चिझम या अधिकाऱ्याने तयार केला. त्याने रतनपूरचा राजा कल्याणसाय याच्या काळातील एका जुन्या जमाबंदीच्या वहीचा आधार घेतला होता. पुढे १९१९ साली विल्स यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या राज्यव्यवस्थेवर सविस्तर निबंध लिहिला. त्यांवरून दिसते ते असे. सर्वांत खाली गाव, आणि गावाचा प्रमुख गौंटिया. बारा गावांचे मिळून एक ‘बरहों’. त्याचा प्रमुख दाऊ. अशा सात बरहोंचा, म्हणजे चौऱ्यांशी गावांचा, एक गढ. त्याच्या प्रमुखाला दीवाण म्हणत. सात आणि बारा यांचा गुणाकार ऐकून मराठी शेतकऱ्याला आपला सातबारा आठवेल. त्या उताऱ्याशी याचा काही संबंध नाही, एवढे येथेच सांगून ठेवलेले बरे. ‘दाऊ’ हा शब्द मात्र अजून जिवंत आहे. गावातील वजनदार गृहस्थाला छत्तीसगडात आजही आदराने दाऊ म्हणतात, आणि म्हणणाऱ्याच्या मनात बारा गावांचा अधिकारी नसतो.

अशा गढांची जी यादी परंपरेने चालत आली आहे, ती दोन अर्ध्यांची आहे. शिवनाथ नदीच्या उत्तरेला अठरा गढ, ते रतनपूरच्या राजाचे. दक्षिणेला अठरा, ते रायपूरच्या राजाचे. उत्तरेच्या यादीत रतनपूर, मारो, विजयपूर, खरौद, नवागढ, लाफा, छुरी, केंदा, मातिन, पेंड्रा ही नावे येतात. दक्षिणेच्या यादीत रायपूर, पाटण, सिमगा, लवन, खल्लारी, सिरपूर, फिंगेश्वर, राजिम आणि दुर्ग. भिलाईहून दुर्ग शेजारच्या शेजारी आहे. इतके की दोन्ही शहरांची नावे लोक एका दमात घेतात. शिवनाथ दुर्गच्या पश्चिमेकडून उत्तरेला वाहत जाते आणि मग पूर्वेला वळून महानदीला मिळते. म्हणून दुर्ग आणि भिलाई या दोन्ही जागा नदीच्या उजव्या हाताला, रायपूरच्या अठरांच्या बाजूला पडतात. सेक्टर २ मधील माणूस छत्तीसगड कोठे आहे असे विचारू लागला, तर छत्तिसांपैकी एक गढ त्याच्या शेजारीच आहे, आणि त्याचे नावच दुर्ग, म्हणजे किल्ला, आहे.

आपल्याकडे दोघांचे पटत नसले की त्यांचा छत्तिसाचा आकडा आहे असे म्हणतात, कारण देवनागरीतील ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. नदीच्या दोन तीरांवर अठरा-अठरा गढ घेऊन बसलेल्या या दोन राजघराण्यांना ही म्हण लावण्याचा मोह होतो. पण ती मुळात एकाच कुळाची दोन पाती होती. ते कूळ कलचुरींचे.

कलचुरींची मुख्य गादी जबलपूरजवळच्या त्रिपुरीला, म्हणजे आजच्या तेवर या गावी होती. त्या वंशाच्या एका शाखेतील कलिंगराजाने इ. स. १००० च्या सुमारास दक्षिण कोसल जिंकून तुम्माण येथे ठाणे केले, आणि त्याच्या नातवाने, रत्नराजाने, रतनपूर वसविले. या घराण्याचे शिलालेख व ताम्रपट वाचून, त्यांचे संपादन करून ते एका ग्रंथात आणण्याचे प्रचंड काम नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केले. कलचुरि-चेदि संवताच्या लेखांचा त्यांचा ग्रंथ १९५५ साली, म्हणजे भिलाईचा करार झाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. नावाच्या वादात ज्याला काही बोलावयाचे असेल, त्याला या लेखांपुढे उभे राहूनच बोलावे लागते.

हे लेख काय सांगतात? पहिली गोष्ट अशी, की रतनपूरचे जुने राजे आपल्या देशाला छत्तीसगड म्हणत नव्हते. त्यांच्या लेखांत येते ते कोसल, दक्षिण कोसल, तुम्माण. म्हणजे नाव नंतरचे आहे. दुसरी गोष्ट दक्षिणेच्या शाखेच्या एका लेखात आहे, आणि ती फार मोलाची आहे. खल्लारी येथील शिलालेख इ. स. १४१५ चा आहे. त्यात हरिब्रह्मदेव राजाची वंशावळ देताना त्याचा पणजोबा-आजोबांच्या पिढ्यांपैकी सिंहण याने शत्रूंचे अठरा गड जिंकले, असे म्हटले आहे. अठरा हा आकडा आणि गड ही संज्ञा, दोन्ही एकत्र, आणि तीही रायपूरच्या शाखेच्या पूर्वजाविषयी. दगडावर छत्तीस नाही, हे खरे. पण छत्तिसाचा अर्धा भाग त्यावर स्पष्ट कोरलेला आहे. पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस खैरागढच्या दरबारातील दलराम राव या भाटाच्या रचनेत छत्तीस गढांचा उल्लेख आल्याचे सांगतात, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस रतनपूरच्या गोपाल मिश्र या कवीच्या ‘खूब तमाशा’ या काव्यात छत्तीसगढ हे नाव येते. काळाची ही ओळ पाहिली, तर नाव सावकाश, लोकांच्या बोलण्यातून वर आले असावे, असे दिसते.

मग वाद कोठे आहे? वाद उभा केला तो एका थोर आणि सावध पंडिताने, म्हणूनच त्याला वजन आले. रायबहादुर हिरालाल हे कटनीचे. मध्यप्रांत व वऱ्हाडातील शिलालेखांची सूची त्यांनी १९१६ साली सिद्ध केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या रसेल यांच्या मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथालाही त्यांचे साहाय्य होते. त्यांचे म्हणणे असे, की छत्तीस हा आकडाच नव्हे. कलचुरी हे चेदि देशाचे स्वामी, म्हणून ‘चेदीश’. त्यांचा गढ तो ‘चेदीशगढ’. लोकांच्या तोंडी चेदीशचे झाले छत्तीस, आणि मग आकड्याला साजेसे गढ शोधणे सुरू झाले. ही उपपत्ती ऐकताक्षणी मन मोहून टाकते. तिच्यामुळे मैदानात न दिसणाऱ्या गडांची अडचण एका फटक्यात नाहीशी होते, आणि नावाला प्राचीन राजवंशाची झळाळीही येते. आजही अनेक पुस्तकांत विद्वन्मान्य मत म्हणून हीच उपपत्ती पुढे केली जाते.

परंतु ती तपासू गेले की अडचणी उभ्या राहतात. पहिली भाषेची. संस्कृतातील दोन स्वरांमधला ‘द’ प्राकृतात सहसा गळून जातो. हृदयाचे हिअय होते, पादाचा मराठीत पाय होतो. त्या वाटेने गेले तर चेदीशचे ‘चेईस’ व्हावयास हवे. ‘च’ चा ‘छ’ व्हावा, ‘द’ चा दुहेरी ‘त’ व्हावा, आणि आरंभीचा ‘ए’ ‘अ’ व्हावा, हे तिन्ही बदल एकाच शब्दात, एकाच वेळी घडणे कठीण. पाली भाषेत चेदीला ‘चेति’ म्हणत हे खरे. पण त्यामुळे एक गाठ सुटते, दोन राहतात. उलट षट्त्रिंशत्‌चे छत्तीस होणे हा सरळ राजमार्ग आहे. दुसरी अडचण पुराव्याची. चेदीशगढ किंवा त्याच्या आणि छत्तीसगढच्या मधले कोणतेही रूप एकाही लेखात सापडलेले नाही. तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे आणि ती रतनपूरच्या राजांनी स्वतःच निर्माण केलेली आहे. पहिल्या जाजल्लदेवाचा रतनपूरचा शिलालेख इ. स. १११४ चा आहे. त्यात चेदीच्या राजाने जाजल्लदेवाशी स्नेह जोडला, असे अभिमानाने सांगितले आहे. ज्याच्याशी मैत्री जोडली तो चेदीचा राजा. म्हणजे आपण नव्हे. त्रिपुरीचा राजा चेदीश, रतनपूरचा राजा कोसलाचा स्वामी, असा भेद त्या घराण्यालाच मान्य होता. मग चेदीशाचा गढ म्हणून कोणाचे नाव पडावयाचे तर ते त्रिपुरीचे. महानदीच्या मैदानाचे नव्हे.

तिसरी एक उपपत्ती आहे, तिला पंडितांनी फारसे जवळ केले नाही. पुरातत्त्व खात्यात जनरल कनिंगहॅम यांच्या हाताखाली काम करणारे बेग्लर यांनी ती १८७० नंतरच्या आपल्या प्रवासवृत्तांत नोंदविली. जरासंधाच्या काळी मगधातून चर्मकारांची छत्तीस घरे दक्षिणेला आली आणि या मुलखात स्थायिक झाली. त्यांच्यावरून छत्तीसघर, आणि त्याचे पुढे छत्तीसगढ, अशी ती दंतकथा आहे. इतिहास म्हणून तिला आधार नाही, आणि जरासंध आला की काळाचा हिशेब संपतोच. तरीही ती हसून सोडून देण्यासारखी नाही. नाव कोणाचे, या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर इतर दोहोंपेक्षा वेगळे आहे. चेदीशगढ म्हटले की देश राजाचा होतो. छत्तीस गढ म्हटले की तो दीवाण, दाऊ आणि गौंटिया यांचा होतो. छत्तीस घर म्हटले की तो ज्यांना गावाच्या कडेला राहावे लागे त्यांचा होतो. ही कथा कोणी रचली असेल त्याला आपल्या पूर्वजांचे पाऊल या भूमीवर सर्वांच्या आधी पडले, असे सांगावयाचे असणार. आणि मौज अशी, की ज्या खल्लारीच्या शिलालेखात अठरा गडांचा उल्लेख आहे, तो लेख ज्या नारायणाच्या मंदिरासाठी कोरला गेला, ते मंदिर बांधणारा देवपाल हा जातीने मोची होता. लेखातच तसे लिहिले आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी या देशात एक मोची विष्णूचे देऊळ बांधतो आणि राजाच्या वंशावळीबरोबर आपल्या कुळाचेही नाव दगडावर कोरवितो. दंतकथा खोटी असली तरी तिला जमीन अगदीच नव्हती, असे नाही.

तेव्हा गढांची उपपत्तीच उरते. पण तीही जशीच्या तशी घेता येत नाही, कारण तिचे आकडे संशय यावा इतके नीटनेटके आहेत. अठरा दुणे छत्तीस. छत्तीस गढ, प्रत्येकी चौऱ्यांशी गावे, म्हणजे ३,०२४ गावे. कोणत्याही जिवंत राज्यात गावे अशी फडताळात मांडल्यासारखी बसत नाहीत. एखादे गाव ओस पडते, जंगल तोडून दुसरे वसते, एखादा गढ युद्धात जातो, दुसरा वाटणीत मिळतो. कागदावर मात्र आकडा तोच राहतो. आपल्या दख्खनच्या इतिहासातही हेच दिसते. जुन्या लेखांत करहाट चार हजार, कोंकण नऊशे, गंगवाडी शहाण्णव हजार अशी प्रदेशांची नावेच आकड्यांसह येतात. दुसऱ्या पुलकेशीच्या इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात तीन महाराष्ट्रकांतील नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख आहे, आणि ती गावे कोणी एकेक करून मोजली असतील असे कोणी समजत नाही. छत्तीसगडच्या शेजारीही अशीच गणना आहे. गढा-मंडल्याच्या संग्रामशाहाचे गढ बावन. संबलपूरच्या बाजूला अठरा गड. आकडा ही त्या काळी राज्याची प्रतिष्ठा होती आणि स्मरणाची सोयही होती. छत्तीस राजकुळे म्हणतात तसे छत्तीस गढ.

म्हणून या नावाचा अर्थ करताना ‘छत्तीस’ हा शब्द मोजणीचा न धरता मांडणीचा धरावा, आणि ‘गढ’ हा शब्द दगडाचा न धरता महसुलाचा धरावा, हे अधिक सयुक्तिक. मग मैदानात किल्ले का दिसत नाहीत हा प्रश्नच उरत नाही, आणि चेदीशाला त्रिपुरीहून बोलावून आणण्याचे कारणही उरत नाही.

आता या कथेत मराठ्यांचा भाग येतो, आणि तो चमत्कारिक आहे. १७४१ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर पूर्वेकडील मोहिमेवर निघाला असता वाटेत रतनपूरवर आला. त्या वेळी गादीवर वृद्ध रघुनाथसिंह होता. मुलाच्या मृत्यूने तो खचलेला होता, आणि राजधानी जवळजवळ न लढताच हाती आली. १७५८ पासून रघुजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपूरला राहून राज्य पाहू लागले, ते १७८७ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत. रतनपूर व रायपूर हे दोन्ही भाग, नदीच्या दोन्ही तीरांवरचे अठरा-अठरा गढ, प्रथम त्यांच्या अमलात एका हाताखाली आले. रतनपूरच्या टेकडीवर त्यांनी रामाचे मंदिर बांधले. तिला लोक रामटेकरी म्हणतात. नागपूरजवळच्या रामटेकाची आठवण त्या नावात सहज ओळखू येते.

बिंबाजींच्या नंतर नागपूरहून सुभेदार येऊ लागले. त्यांपैकी विठ्ठल दिनकर या सुभेदाराने १७९० च्या सुमारास जुनी गढांची व्यवस्था मोडून तिच्या जागी परगण्यांची व्यवस्था घातली. गढ गेले, बरहों गेले, दीवाण आणि दाऊ यांचे अधिकार गेले. त्यांच्या जागी सत्तावीस परगणे झाले आणि त्यांवर कमाविसदार आले. हिशेब मराठी पद्धतीने, मोडी लिपीत होऊ लागले. म्हणजे ज्या वस्तूवरून देशाचे नाव पडले होते, ती वस्तू मराठ्यांनी काढून टाकली. आणि नाव? नाव नेमके याच काळात सर्वत्र रूढ झाले. छत्तीसगढ हा शब्द सरकारी कागदात प्रथम आढळतो तो १७९५ सालचा, असे मानले जाते. गढ कागदावरून पुसले गेले आणि गढांचे नाव कागदावर चढले, या दोन गोष्टी पाचसहा वर्षांच्या अंतराने घडल्या.

यात विसंगती वाटते खरी, पण कारण शोधणे अवघड नाही. रतनपूरचा राजा रतनपूरचा होता आणि रायपूरचा राजा रायपूरचा. दोन्ही मिळून जो प्रदेश होतो, त्याला एक नाव देण्याची गरज त्या दोघांपैकी कोणालाच पडली नव्हती. ती गरज पडली ती नागपूरला बसून दोहोंचा वसूल एका वहीत मांडणाऱ्या कारकुनाला. कोसल हे नाव पंडितांच्या पोथीत राहिले होते. लोकांच्या तोंडी होते ते छत्तीस गढ, आणि त्यात दोन्ही तीर येत होते. फडावरच्या माणसाने तेच उचलले. व्यवस्था बदलली तरी वहीच्या पानावरचे शीर्षक राहिले, असे घडले असावे.

इंग्रजांनी तेच पुढे चालविले. १८१८ ते १८३० भोसल्यांच्या वतीने आणि १८५४ पासून स्वतःच्या नावाने त्यांनी या मुलखाचा कारभार पाहिला, आणि मध्यप्रांत झाल्यावर १८६२ साली छत्तीसगड नावाचा स्वतंत्र महसुली विभाग केला. त्यानंतर नावाचा पसारा वाढतच गेला. आज छत्तीसगड राज्यात असलेला बस्तर छत्तिसांच्या यादीत कधीच नव्हता. सरगुजाही नव्हता. राज्य स्थापन झाले तेव्हा १६ जिल्हे होते, २०२२ मध्ये ते ३३ झाले. आणखी तीन झाले की आकडा जुळेल, असा विनोद यावर सुचल्यावाचून राहत नाही. पण तो जुळला तरी ते छत्तीस निराळे असतील.

महाराष्ट्राच्या माणसाने या वादाकडे दुरून पाहण्याचे कारण नाही, कारण त्याच्या स्वतःच्या प्रांताचे नावही असेच वादात सापडलेले आहे. महाराष्ट्र म्हणजे मोठे राष्ट्र, असे कोणी म्हणतो. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी ते रट्ठ-महारट्ठ या लोकांवरून आले असे म्हटले. डॉ. जॉन विल्सन यांनी त्याचा संबंध महारांशी जोडला. येथेही एक उत्तर भूमीचा मोठेपणा सांगते, एक क्षत्रियांचा, आणि एक गावकुसाबाहेर लोटल्या गेलेल्यांचा. छत्तीसगडच्या तीन उपपत्तींची हीच तीन मुखे आहेत. फरक इतकाच, की महाराष्ट्राच्या नावात मोजता येण्यासारखे काही नाही; छत्तीसगडच्या नावात आकडा आहे, म्हणून जो तो हातात यादी घेऊन मोजू लागतो.

भिलाईत मराठी कुटुंबे आहेत. त्यांचे कागदपत्र हिंदीत असतात आणि नातेवाइकांची पत्रे मराठीत. नागपूरहून किंवा अमरावतीहून आलेल्या लग्नपत्रिकेवर राज्याचे नाव ‘छत्तीसगड’ असे लिहिलेले असते. सेक्टर २ मधून गेलेल्या उत्तरावर तेच नाव ‘छत्तीसगढ’ असे येते. ‘ड’ लिहिणाऱ्याच्या मनात डोंगरावरचा किल्ला असतो. ‘ढ’ लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा काहीच नसते, कारण तो तेथेच राहतो. टपाल दोन्ही पोहोचविते. त्याला वरचे तीन आकडे पुरतात.